नवऱ्याची गोळी बायकोला चालेल का? फॅटी लिव्हर आणि सप्लिमेंट्स: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फॅटी लिव्हरबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर निम्म्याहून जास्त प्रश्न सप्लिमेंट्सचेच आले. ही गोळी घेऊ का, तो काढा चालेल का, नवऱ्याला दिलेली कॅप्सूल मी घेतली तर काय होईल असे. त्यात बायकांचे प्रश्न आणि पुरुषांचे प्रश्न वाचताना जाणवत होतं की दोघांना एकच उत्तर देऊन चालणारच नाही, कारण आजाराचं नाव एकच असलं तरी दोघांच्या शरीरात तो सारखा वागत नाही. म्हणून या वेळी तेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, माझं वय ५२, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. मिस्टरांना (वय ५८, डायबेटिस आहे) तीन वर्षांपूर्वी ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं तेव्हापासून ते व्हिटॅमिन ईची कॅप्सूल घेतात, ऑफिसमधल्या मित्राने सांगितली होती. आता माझ्या सोनोग्राफीत ग्रेड १ आलंय. घरात डबा आहेच तर मीही तीच सुरू करू का? एसजीओटी ४०, एसजीपीटी ४५, प्लेटलेट २ लाख १० हजार. आधी कधीच काही नव्हतं, आत्ताच कसं आलं? — वाचक, सांगली

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन बाईच्या लिव्हरला बऱ्यापैकी सांभाळून घेतं, चरबी मांड्या-नितंबांवर साठते, पोटाच्या आत आणि लिव्हरमध्ये कमी जाते, म्हणून चाळिशीपर्यंत फॅटी लिव्हर पुरुषांमध्ये जास्त दिसतं. पाळी गेली की ते संरक्षण जातं, पोटाचा घेर वाढतो, स्नायू कमी होतात, आणि पन्नाशीनंतर बायका पुरुषांना गाठतात. नुसत्या गाठत नाहीत, एकदा सूज आलेलं लिव्हर असेल तर पन्नाशीनंतरच्या बाईमध्ये ते कडक व्हायचा वेग पुरुषापेक्षा जास्त असू शकतो. म्हणजे "मिस्टरांचं ग्रेड २, माझं तर १च" असं म्हणून स्वतःचं मागे ठेवू नका, मला पत्रात तोच सूर दिसला म्हणून मुद्दाम लिहितेय.

सोनोग्राफीतला ग्रेड फक्त चरबी किती दिसते ते सांगतो, लिव्हर किती कडक झालंय हे त्यातून कळत नाही. त्यासाठी फिब-४ नावाचा साधा हिशोब आहे जो घरी मोबाईलवर होतो. एसजीओटी, एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम्स. वयाला एसजीओटीने गुणायचं, मग प्लेटलेट (हजारात, म्हणजे तुमचे २१०) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. तुमचा येतो साधारण १.५. १.३ च्या खाली असता तर काळजी नव्हती, २.६७ च्या वर असता तर लगेच लिव्हरच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, तुम्ही मध्ये आहात म्हणजे फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्यायचा. गोळीच्या आधी हे.

आता व्हिटॅमिन ई. हे काही थोतांड नाही, फॅटी लिव्हरच्या सगळ्या सप्लिमेंट्समध्ये सगळ्यात चांगला पुरावा याचाच आहे. अमेरिकेत पिव्हेन्स नावाची ट्रायल झाली, २०१० मध्ये छापून आली, २४७ जण, त्यातल्या एका गटाला रोज ८०० युनिट, ९६ आठवडे, आणि बायोप्सीत (लिव्हरचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) सुधारणा त्या गटातल्या ४३ टक्के लोकांत दिसली, नुसत्या डमी गोळीवर १९ टक्के. फरक मोठा आहे. पण त्या सगळ्यांना बायोप्सीने सिद्ध झालेली लिव्हरची सूज होती, नुसती चरबी नव्हती, आणि डायबेटिस असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. शिवाय लिव्हरचा कडकपणा कमी झाला असं ठामपणे दिसलं नाही ते नाहीच. म्हणजे ग्रेड १ सोनोग्राफीवर स्वतःहून सुरू करायची ही गोळी नाही, फायब्रोस्कॅन होऊ दे, डॉक्टर म्हणाले तर घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा.

आणि ताई मला तुमच्यापेक्षा मिस्टरांच्या डब्याची जास्त काळजी वाटते. त्यांना डायबेटिस आहे, आणि डायबेटिसवाल्यांवर नंतर वेगळी ट्रायल झाली (२०१९) त्यात नुसत्या व्हिटॅमिन ईने मुख्य निकष पार झाला नाही. त्यात ते पुरुष आहेत, वय ५८. सिलेक्ट नावाच्या अमेरिकेतल्याच ट्रायलमध्ये ३५ हजारांवर पुरुष होते, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला, २०११ सालची गोष्ट. हा धोका तुम्हाला नाही, त्यांना आहे. तीन वर्षं मित्राच्या सांगण्यावरून चालू असलेली कॅप्सूल घेऊन या आठवड्यात त्यांना त्यांच्या डायबेटिसच्या डॉक्टरकडे पाठवा, प्रोस्टेटचं काही आधी होतं का घराण्यात कुणाला होतं का तेही सांगू द्या. डायबेटिस आणि फॅटी लिव्हर दोन्ही एकत्र असेल तर आता दोन्हीवर काम करणारी औषधं आहेत, ती विचारा.

प्रश्न : मी ३४, हिंजवडीला आयटीत. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये एसजीपीटी ७८, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. वर्षभर जिम करतोय, वजन ८४, उंची ५ फूट ८. ट्रेनरने लिव्हर डिटॉक्स म्हणून मिल्क थिसल दिलंय, शिवाय फॅट बर्नर (त्यात ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट) आणि व्हे प्रोटीन चालू आहे. दारू फक्त वीकेंडला, स्ट्राँग बिअरच्या तीन बाटल्या. डिटॉक्स किती महिने घ्यावं? — वाचक, पुणे

दादा, तुझ्या यादीतलं डिटॉक्स सगळ्यात कमी नुकसान करणारं आहे, आणि उपयोग जवळपास नाही. मिल्क थिसल म्हणजे सिलिमरिन, यावर क्वालालंपूरला चांगली ट्रायल झाली, २०१७ मध्ये आली, ७०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ४८ आठवडे, ९९ पेशंट, आणि बायोप्सीचा जो मुख्य निकष ठरवला होता त्यात डमी गोळीपेक्षा ठोस फरक पडला नाही. एवढा मोठा डोस, जवळपास वर्षभर, तरी. तेव्हा किती महिने याचं उत्तर, पैसे वाचव.

फॅट बर्नर मात्र आजच बंद कर. ग्रीन टी कपात उकळून पितात ती वेगळी आणि तिचा अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरतात तो वेगळा, युरोपच्या फूड सेफ्टी अथॉरिटीने २०१८ मध्येच सांगितलंय की अर्कातलं ईजीसीजी नावाचं रसायन दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसतात. काहींना त्याहून कमीतही कावीळ होते, त्यात जनुकांचा भाग आहे आणि ते कुणाला होईल हे आधी कळत नाही. एसजीपीटी ७८ घेऊन तू हे खातोयस म्हणजे वाढ चरबीमुळे आहे का कॅप्सूलमुळे हेच कुणाला सांगता येणार नाही.

तिसरी शक्यता पण आहे जी चेकअपवाले सांगत नाहीत. जड वजनं मारल्यावर स्नायूंमधूनही एसजीओटी, एसजीपीटी रक्तात येतात. फॅट बर्नर बंद कर, आठवडाभर जिमला सुट्टी दे (चालणं चालू ठेव), मग दोन्ही टेस्ट परत कर आणि सोबत सीपीके (स्नायूंमधलं एन्झाइम) करून घे. सीपीके जास्त आलं तर बराचसा आकडा स्नायूंचा आहे असं कळतं.

प्रोटीनचं म्हणशील तर व्हे स्वतः लिव्हरला वाईट नाही, प्रश्न डब्यात काय आहे याचा आहे. केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी लॅबमध्ये तपासल्या, २०२४ ला छापलं, त्यातल्या २५ मध्ये लेबलवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं. आणि ट्रेनर जर "मसल लवकर येईल" म्हणून अजून काही गोळ्या किंवा इंजेक्शन द्यायला लागला तर स्पष्ट नाही म्हण. अमेरिकेत सप्लिमेंट्समुळे लिव्हर खराब झालेल्यांची नोंद ठेवणारं नेटवर्क आहे, त्यात बॉडीबिल्डिंगच्या प्रॉडक्टवाले जवळपास सगळे तरुण पुरुष आहेत, महिनोन्महिने न जाणारी कावीळ घेऊन आलेले, आणि वजन कमी करायच्या वगैरे बाकीच्या प्रॉडक्टवाल्यांत बायका जास्त. दोघांना विकलं जातं ते वेगळं, त्यामुळे दोघांना होतं तेही वेगळं.

बिअरबद्दल "फक्त" लिहिलंयस. ६५० मिलीच्या स्ट्राँग बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असतं, तीन म्हणजे १२० ग्रॅम. फॅटी लिव्हर दारूमुळे की चयापचयामुळे हे ठरवताना डॉक्टर पुरुषाला आठवड्याला २१० ग्रॅमची रेष धरतात आणि बाईला १४०. तू रेषेच्या आत आहेस, पण ती रेष आजाराला नाव द्यायची आहे, इथपर्यंत प्यायला हरकत नाही असं ती सांगत नाही, त्यात एका बैठकीत १२० म्हणजे खूपच. आणि बरोबर बसणाऱ्या मैत्रिणीच्या लिव्हरला त्याच तीन बाटल्या तुझ्यापेक्षा जास्त जड जातात हेही लक्षात असू दे.

तुला खरं औषध हवंय तर ते वजन. ८४ चे ७८ झाले (सात टक्के) तर सूज उतरायला लागते, ७५-७६ पर्यंत गेलास तर कडकपणाही मागे जाऊ शकतो. क्युबामध्ये २९३ लोकांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवून आधी आणि नंतर बायोप्सी करून हे बघितलंय, दहा टक्के आणि वर वजन उतरवलेल्यांत ४५ टक्के लोकांचा फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरचा कडकपणा, कमी झाला होता. असं कुठल्याही सप्लिमेंटच्या कॅप्सूलने अजून करून दाखवलेलं नाही.

प्रश्न : मॅम मी २७, शुद्ध शाकाहारी (अंडंही नाही), पीसीओएस आहे. बीएमआय २४.५. रिपोर्टमध्ये एसजीपीटी ३६ आलं, लॅबची रेंज ४५ पर्यंत म्हणून नॉर्मल म्हणाले पण सोनोग्राफीत माइल्ड फॅटी लिव्हर लिहिलंय. मग खरं काय? रील्समध्ये बघितलं की कोलीन घेतलं की फॅटी लिव्हर जातं. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. — वाचक, नागपूर

सोनोग्राफी खरी. बऱ्याच लॅबच्या कागदावर बाई-पुरुष दोघांना एकच वरची मर्यादा छापलेली असते, ४० किंवा ४५. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच सांगितलंय की निरोगी पुरुषाचं एसजीपीटी २९ ते ३३ पर्यंत आणि निरोगी बाईचं १९ ते २५ पर्यंत धरावं. त्या हिशोबाने तुझं ३६ नॉर्मल नाही. किती मुली अशा नॉर्मल रिपोर्टवर घरी पाठवल्या जातात याचा मला खरंच राग येतो. आणि उलटही सांगते, एसजीपीटी अगदी २० असलं तरी फॅटी लिव्हर असू शकतं.

बीएमआयचंही तसंच आहे. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या लोकांची चरबी कमी वजनातही पोटात आणि लिव्हरमध्ये जाते. बाईचा कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा, पुरुषाचा ९०, टेप घेऊन बघ.

मघाशी सांगलीच्या ताईंना लिहिलं की पाळी असेपर्यंत संरक्षण असतं, पण पीसीओएसमध्ये ते अर्धवट राहतं. टेस्टोस्टेरॉन जास्त, इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यामुळे विशीतच फॅटी लिव्हर येतं, बाकीच्या मुलींपेक्षा दुपटीहून जास्त शक्यता. गंमत बघ, पुरुषात टेस्टोस्टेरॉन कमी झालं की लिव्हर बिघडतं आणि बाईत वाढलं की बिघडतं.

कोलीन म्हणजे जेवणातून मिळणारं एक पोषकद्रव्य, त्याचं रीलवाल्यांनी अर्धं सांगितलंय. लिव्हरमधली चरबी बाहेर पाठवायला कोलीन लागतं, ते कमी पडलं की चरबी आत अडकते, हे खरं. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत माणसांना मुद्दाम जवळपास कोलीन नसलेल्या आहारावर ठेवून बघितलं होतं, २००७ ला छापलं. पुरुषांत ७७ टक्के लोकांचं लिव्हर किंवा स्नायू बिघडले, पाळी गेलेल्या बायकांत ८० टक्के, आणि पाळी चालू असलेल्यांत फक्त ४४ टक्के. कारण इस्ट्रोजेन असेल तर लिव्हर स्वतः कोलीन बनवायचं काम वाढवतं. म्हणजे तुझ्या वयात तुझं शरीर थोडंफार स्वतःच बनवतंय (काही बायकांत मात्र जनुकांमुळे हे नीट होत नाही), आणि कमतरता भरून काढणं वेगळं नि गोळीने फॅटी लिव्हर घालवणं वेगळं, दुसऱ्याचा पुरावा नाही.

तरी जेवणातलं कोलीन बघच, कारण गरोदरपणात गरज वाढते. बाईला दिवसाला ४२५ मिलिग्रॅम लागतं, एका अंड्यात १५० च्या आसपास मिळतं, ते तू खात नाहीस, मग सोयाबीन, राजमा, हरभरे, फ्लॉवर, दूध-दही, शेंगदाणे हे सगळं थोडं थोडं मिळून जमवायला लागेल. भाजलेलं सोयाबीन अर्धी वाटी म्हणजे शंभरएक मिलिग्रॅम. स्त्रीरोगतज्ज्ञांना फॅटी लिव्हरचं आत्ताच सांग, कारण गरोदरपणातल्या डायबेटिसचा धोका वाढतो आणि शुगर आधीपासून बघता येते. बाळाचा विचार आहे तर जास्त डोसचं व्हिटॅमिन ए असलेली कुठलीही ब्युटी किंवा स्किनची कॅप्सूल घेऊ नकोस, ते बाळालाही वाईट आणि लिव्हरलाही.

प्रश्न : वय ६१. सकाळी गुळवेलीचा काढा, जेवणानंतर हळदीची कॅप्सूल (मिरी घातलेली, शोषलं जातं म्हणे), रात्री लोहाची गोळी, ही दुसऱ्या बाळंतपणापासून अधूनमधून चालूच आहे. फॅटी लिव्हर आहे. हळद लिव्हरला चांगली ना? मुलगा सगळं बंद कर म्हणतो. — वाचक, नाशिक

काकू, भाजी-आमटीतली हळद बिनधास्त खा, मुलालाही सांगा त्याला माझा काही आक्षेप नाही. कॅप्सूल थांबवा. फोडणीत चिमूटभर पडते आणि त्यातली फारच थोडी रक्तात जाते, कॅप्सूलमध्ये कित्येक पटींनी अर्क असतो आणि मिरीचं पायपरिन शोषण अजून वाढवतं. मघाशी म्हटलं त्या अमेरिकन नेटवर्कने २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेले १० जण छापले, त्यात ८ बायका होत्या, एक जण दगावला. कर्क्युमिनने (हळदीतला मुख्य घटक) एन्झाइम्स थोडी उतरतात असं दाखवणाऱ्या छोट्या ट्रायल आहेत, पण एवढ्याशा फायद्यासाठी हा धोका तुम्ही घ्यावा असं मला वाटत नाही.

गुळवेलीबद्दल लिहिलं की पत्रं येतात हे माहितीये, तरी लिहिते. कोविडच्या काळात घरोघरी काढे झाले आणि मुंबईच्या लिव्हर डॉक्टरांकडे सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये ६ पेशंट आले, पुढे देशभरातून मिळून ४३ जणांची नोंद छापली गेली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, दुसरीच सारखी दिसणारी वेल असेल असं म्हणाले. पण बऱ्याच जणांच्या लिव्हरमध्ये दिसलं ते ऑटोइम्युन प्रकारचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटलेली, आणि असे आजार बायकांत मुळातच जास्त. तुम्हाला थायरॉइड असेल किंवा सांध्यांचा आमवात असेल तर काढा अजिबात नको. नसेल तरी माझं मत बंदच करा असं आहे, तुमच्या वैद्यांशी बोलायचं तर लिव्हरचे रिपोर्ट हातात घेऊन बोला.

लोहाचं कुणी विचारतच नाही बघा. पाळी चालू असते तेव्हा दर महिन्याला लोह बाहेर जातं म्हणून गोळी लागते, तुमची पाळी जाऊन दहाएक वर्षं झाली असतील, आता ते आत साठतं आणि जास्तीचं लोह चरबीने भरलेल्या लिव्हरला अजून त्रास देतं. हिमोग्लोबिन आणि सोबत फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (शरीरात लोह किती आहे ते सांगणाऱ्या टेस्ट) करा. फॅटी लिव्हरमध्ये सुजेमुळेही फेरिटिन वाढतं म्हणून एकट्या आकड्यावर घाबरू नका. हिमोग्लोबिन कमी आलं तर मात्र या वयात रक्त कुठून जातंय हे शोधायला हवं, गोळी घेऊन झाकायचं नाही. थकवा वाटतो म्हणून घेत असाल तर तो बऱ्याचदा स्नायू कमी झाल्याचा असतो, दोन वेळच्या जेवणात डाळ-उसळ वाढवा, खुर्चीतून हात न टेकता उठबस रोज दहा-पंधरा वेळा.

प्रश्न : मस्कतला असतो, वय ४९. ट्रायग्लिसराइड ३१०, फॅटी लिव्हर. फिश ऑइल आणि व्हिटॅमिन डी दोन्ही घेतोय, बरोबर ना?

फिश ऑइलने ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात, लिव्हरमधली चरबीही थोडी कमी होते, पण सूज आणि कडकपणा यावर फरक दिसलेला नाही. दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास डोस गेला तर हृदयाचे ठोके अनियमित व्हायचा धोका वाढतो, धडधड होत असेल तर डॉक्टरांना सांगा. व्हिटॅमिन डी रक्तात कमी असेल तर हाडांसाठी घ्या, लिव्हरसाठी म्हणून नको. ३१० ला तुमच्या वयात सगळ्यात आधी शुगर तपासा, आणि चहातली साखर, ज्यूस, कोल्ड्रिंक बंद. बिनसाखरेची कॉफी दोन-तीन कप चालेल, उलट कॉफी पिणाऱ्यांत लिव्हर कडक व्हायचं प्रमाण कमी दिसतं.

प्रश्न : ऑनलाइन गार्सिनियाच्या कॅप्सूल मागवल्या, बहीण म्हणते हे आपलं कोकमच. दोघी घेतोय, वजन आणि लिव्हर दोन्हीला चांगलं लिहिलंय. — वाचक, कुडाळ

कोकम नव्हे, कोकमाच्या कुळातलं. केरळात माशाच्या आमटीत घालतात ते आंबट फळ, त्यातलं एचसीए नावाचं आम्ल काढून या कॅप्सूल भरतात, आणि यांनी लिव्हर बिघडल्याच्या, अगदी ट्रान्सप्लांटपर्यंत गेल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, त्यात बायका जास्त. दोघीही आजपासून थांबवा. सोलकढी, कोकमाचं सार नेहमीसारखं चालू दे, फक्त सरबतात साखर घालू नका. किती दिवस घेतल्या ते लिहिलं नाहीत, म्हणून दोघींनी या आठवड्यात एसजीओटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन करून घ्या. अंगाला खाज, जेवण नकोसं होणं, लघवी चहासारखी गडद यातलं काहीही असेल तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि बाटली सोबत न्या, म्हणजे त्यात अजून काय काय घातलंय ते डॉक्टरांना वाचता येईल.